लेकीच्या वेगाची पट्टी

माझी लेक विमान चालवायला शिकायला गेली तेव्हा मी तिच्याकडे एकच मागणं मागितलं. रोज फोन कर असं म्हटलं नाही, कारण ती करणार नाही हे मला ठाऊक होतं. घरात असताना जी एका खोलीतून दुसऱ्या खोलीतल्या हाकेला ओ देत नव्हती, ती तिकडे दक्षिणेतल्या कुठल्याशा गावातून मला काय रोज खुशाली कळवणार? मी म्हटलं, बाई, बोलू नकोस, पण काहीतरी पाठवत जा. मला बघायला काहीतरी हवं.

तर तिने व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. पण व्हिडिओ तरी कसले! त्यांच्या शिकायच्या विमानात दोन सीटांच्या मागे एक कॅमेरा बसवलेला असतो. विमान उतरलं की सर आणि शिकणारा दोघं बसून ते बघतात आणि सर एकेक चूक काढतात. तेच ती मला पाठवून द्यायची. त्यात समोर टीव्हीसारखे दोन पडदे, वर काचेतून दिसणारं आभाळ, आणि कोपरापासून पुढचे माझ्या लेकीचे दोन हात. चेहरा नाही. आवाज मधूनमधून, तोही सरांचाच जास्त.

आमचे हे आभाळ बघायचे आणि म्हणायचे, वा. मी म्हणायची, अहो, आभाळ काय इथे ग्वाल्हेरला, मुरारला कमी आहे? आमच्या डोक्यावरून रोज लढाऊ विमानं जातात. कपडे वाळत घालता घालता मी एक कान खांद्याने दाबते आणि चिमटा लावते, इतकी सवय. विमानाचं कौतुक मला नव्हतंच. ह्यांच्या घराण्यातले कोणी एके काळी दख्खनेतून घोड्यावर बसून इथे आले, हे स्वतः स्कूटरच्या पुढे गेले नाहीत, आणि पोरगी एकदम विमानात जाऊन बसली. मला त्यात फक्त पोरगी हवी होती, आणि तीच नेमकी दिसत नव्हती.

मग मी जे दिसेल ते बघू लागले. डावीकडच्या पडद्याच्या डाव्या कडेला एक उभी पट्टी असते. तिच्यावर आकडे, आणि मधोमध एका काळ्या चौकटीत एक मोठा आकडा. तो विमानाचा वेग. मला इतकंच कळलं. पहिल्याच व्हिडिओत विमान धावायला लागलं आणि पट्टीवरचे आकडे भराभर खाली घसरू लागले. मी ओरडलेच. म्हटलं, अहो, वेग उतरतोय, हिला कोणी सांगत का नाही! हे म्हणाले, अगं, विमान तर वर गेलं. मी तरी त्या दिवशी नीट जेवले नाही.

तिला फोनवर विचारलं तर ती इतकी हसली की मला राग आला. म्हणाली, आई, तुझ्या शिवणाच्या डब्यातला टेप घे. एका हाताचं बोट हवेत स्थिर धर, आणि बोटामागून टेप खाली ओढ. टेप खाली येतो, पण बोटासमोरचा आकडा वाढत जातो की नाही? तसंच ते. पट्टी हलते, चौकट हलत नाही. मी टेप घेऊन तसं करून बघितलं आणि खरंच कळलं. मी शाळेत हिंदी शिकवते, चाळीस पोरांना रोज तेच तेच समजावते, पण इतकं सोपं मलाही कोणी कधी समजावलं नव्हतं.

त्यानंतर मात्र मी पट्टीचा पिच्छा सोडला नाही. दर फोनला एक प्रश्न. पट्टीच्या कडेला रंग का आहेत? तर हिरवा म्हणजे रोजचा वेग, पिवळा म्हणजे हवा अगदी शांत असेल तरच, वरचा लाल म्हणजे कधीच नाही. पांढरा रंग उतरतानाचा. आणि अगदी खाली पुन्हा लाल, तिथे गेलं तर पंख विमानाला उचलून धरत नाहीत. पट्टीला लागून एक गुलाबी रेघ कधी वर वाढते, कधी खाली. ती सांगते की आत्ता आहे तसंच चालू राहिलं तर थोड्या क्षणांनी वेग कुठे पोचेल. मी म्हटलं, अशी रेघ घरात लावून मिळाली असती तर मी तुला वाढवताना एवढी म्हातारी झाले नसते. ती म्हणाली, आई, तू ना, काहीपण बोलतेस.

एक गोष्ट तिने मला दोनदा सांगितली तेव्हा डोक्यात शिरली. हा वेग जमिनीवरचा नव्हे. हवा पंखांवरून किती जोरात जाते, त्याचा आहे. समोरून वारा आला तर विमान जमिनीवरून हळू सरकत असतं, आणि पट्टी मात्र भरपूर वेग दाखवते. स्कूटरचा काटा आणि ही पट्टी, दोन्ही वेगळ्या जातीचे. विमान उभं असताना तर तिथे आकडाच नसतो, नुसत्या तीन आडव्या रेघा. धावू लागलं की थोड्या वेळाने रेघा जातात आणि आकडा उमटतो. त्या वेळी शिकणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं असतं, ‘स्पीड अलाइव्ह’. सगळ्या व्हिडिओत तिचा आवाज मला खात्रीने ऐकू यायचा तो तेवढाच. मी तो तुकडा मागे नेऊन नेऊन ऐकायची. हे विचारायचे, अडकला का मोबाइल? मी म्हणायची, हो.

खरं सांगते, मला तिची फार आठवण यायची. घरात काही कमी नव्हतं, पण संध्याकाळी शाळेतून आलं की कोणाशी भांडायचं हाच प्रश्न असायचा. ह्यांच्याशी भांडण होत नाही, हे लगेच ‘बरं’ म्हणतात. आमचं ग्वाल्हेरचं मराठी तसंही घरापुरतंच. बाजारात हिंदी, शाळेत हिंदी, शेजारी हिंदी. ती गेल्यापासून घरातलं मराठीही अर्धं झालं होतं.

पट्टी बघता बघता मला तिची तब्येत कळू लागली. हे सांगितलं की लोक हसतात, पण आईला कशावरूनही कळतं. वर चढताना चौऱ्याहत्तर ठेवायचे असतात. ज्या दिवशी ती खुशीत असायची त्या दिवशी आकडा चौऱ्याहत्तरवर खिळलेला असायचा. एकदा तो सारखा खालीवर होत होता, सत्तर, ऐंशी, पुन्हा बहात्तर. मी संध्याकाळी फोन केला आणि विचारलं, सकाळी न जेवता गेली होतीस ना? ती म्हणाली, तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, तुझ्या विमानाने. त्या दिवसापासून ती व्हिडिओ पाठवण्याआधी म्हणायची, आज बघू नकोस, आज खराब आहे. मी तेच आधी बघायची.

थंडी पडली तोवर तिच्याबरोबरच्या मुलांचे सोलो होऊ लागले. सोलो म्हणजे सर मध्येच विमानातून उतरतात, दार लावतात आणि सांगतात, जा, एकटीच एक चक्कर मारून ये. तोवर तुम्ही कितीही तास उडालेले असा, खरे वैमानिक नाही. सोलो झाला की बाकीची मुलं त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओततात, तशी पद्धत आहे. एकेकाचे भिजलेले फोटो ती मला पाठवायची. सगळ्यांचं स्नान झालं, ही कोरडीच राहिली.

अडत होतं ते उतरण्यापाशी. उतरताना पट्टीवर पासष्ट पाहिजेत. ही पंच्याहत्तरने यायची. इतका वेग असला की विमान जमिनीजवळ येतं पण टेकत नाही, नुसतं धावपट्टीवर तरंगत राहतं, आणि धावपट्टी तर संपत आलेली असते. मग सर म्हणायचे, चल, पुन्हा वर घे. व्हिडिओत त्यांचा आवाज यायचा, ‘स्पीड. स्पीड. पासष्ट बोला था ना?’ ती म्हणायची, यस सर. आणि पुढच्या फेरीला पुन्हा पंच्याहत्तर. पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या वर्गात असती तर मी बाकावर उभी केली असती.

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला, आपणहून. मराठीत सुरू झाली आणि दुसऱ्याच वाक्याला हिंदीत घसरली, म्हणजे रडत होती. पुढच्या आठवड्यात सगळ्यात मोठे सर तिच्याबरोबर बसून एकदा बघणार होते. तेव्हाही जमलं नाही तर थोडे दिवस घरी जाऊन ये, मग बघू, असं तिला सांगितलं होतं. ‘मग बघू’ म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. मी स्वतः पालकांना तेच म्हणते. ती म्हणाली, आई, मुझसे नहीं हो रहा. मी तिला समजावलं, होईल, घाबरू नकोस, मुलगी माझी आहेस, वगैरे.

फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? मला फार बरं वाटलं. पोरगी घरी येणार. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी पेटीतून तिची रजई काढली आणि गच्चीवर उन्हात टाकली. ह्यांनी विचारलं, ही आत्ता कशाला? मी म्हटलं, कुबट वास येत होता. हे बरं म्हणाले आणि पेपर वाचायला खाली गेले.

रजईशेजारी उन्हात बसून मी तिचे सगळे उतरण्याचे व्हिडिओ पुन्हा लावले. काही शोधायचं म्हणून नव्हे, तिचे हात बघायचे म्हणून. एक झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं. विमान खाली येत असतं, आकडा उतरत असतो, पंच्याहत्तर, बहात्तर, सत्तर. गुलाबी रेघ खाली वळलेली, म्हणजे आता पासष्टवर येणारच, काही करायला नको. आणि अडुसष्ट झाले की तिचा उजवा हात हळूच पुढे सरकतो. इंजिनाची जी दांडी असते ती ती दोन बोटांनी जराशी आत ढकलते. झालं, वेग पुन्हा वर. वारा असो नसो, प्रत्येक वेळी तिथेच, तेवढंच.

तो हात मी ओळखला. तो आमच्या स्वयंपाकघरातला हात होता.

आमच्या घरात तांदूळ मापाने घेतले की वर एक मूठ टाकायची असते. आल्यागेल्याची मूठ. सासूबाईंनी मला शिकवली, मी लेकीला. ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून ही मूठ टाकायचं काम तिचं. बेतास बात हा शब्द आमच्याकडे शिवी आहे. ब्लाउज शिवायला टाकला तर शिंप्याला सांगायचं, आत दोन बोटं माया सोड. फ्रॉक घ्यायचा तो पुढच्या वर्षीच्या अंगाचा. गाडी सुटायच्या तासभर आधी स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचं. भूक कितीची आणि वेळ कितीची हे ज्याने त्याने बघावं, आपलं थोडं वर असावं. आणि यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. या घरातून कोणी उपाशी गेलं नाही आणि आमची गाडी कधी चुकली नाही.

पण विमान म्हणजे भात नव्हे. सर तिला शंभर वेळा पासष्ट सांगत होते आणि ती पासष्ट मोजून घेत होती, वर एक मूठ टाकत होती. सरांना हे कसं कळणार? ते तिच्या भित्रेपणाला औषध देत होते. ती भित्री नव्हतीच. ती आमच्या घरची होती.

हे जगात फक्त मला कळलं होतं. आणि मी गप्प राहिले असते तर ती आठवड्याभरात घरी आली असती. रजई उन्हाने छान ऊबदार झाली होती. मी तिच्यावर हात ठेवून बराच वेळ बसले. मनात म्हटलं, काय बिघडलं? इथेच काहीतरी करेल, सिटी सेंटरला एवढ्या कंपन्या आहेत, एवढ्या पोरी नोकऱ्या करतात. संध्याकाळी घरी येतात. आयांशी भांडतात. मला तेच हवं होतं.

मग मी फोन लावला. माझा स्वभावच मेला असा आहे, चूक दिसली की लाल पेन उचलल्याशिवाय राहवत नाही.

मी विचारलं, “सर किती सांगतात?”

“पासष्ट.”

“मग तू अडुसष्टला हात का पुढे करतेस?”

ती म्हणाली की थोडं वर असलं की बरं वाटतं. दहातले पाच वाऱ्यासाठी. कधी मध्येच वारा पडला तर.

“आणि उरलेले?”

“ते तुझे,” ती म्हणाली. “तुला वाटत असतं ना, ही पडेल, ही पडेल. म्हणून मी ठेवते. वो तो तेरे नाम का है, आई.”

गच्चीवर शेजारणीने मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्याकडे बघत राहिले. ही पोरगी माझ्याशी दोन वाक्यं धड बोलत नाही म्हणून मी रोज कुढत होते, आणि ती प्रत्येक वेळी जमिनीवर येताना माझा वाटा काढून ठेवत होती.

शेवटी मी म्हटलं, “माझ्या नावाचं काढून टाक.”

“आई...”

“काढून टाक म्हटलं ना. तिथे तू असतेस, मी नसते. सर सांगतात तेवढंच ठेव.”

तिने विचारलं, तुला भीती नाही वाटणार? मी म्हटलं, मला वाटेल, ते माझं मी बघेन. तू पासष्टवर ठेव आणि हात जागचा हलवू नकोस. माझा आवाज शाळेतला झाला होता, त्यामुळे मला रडू आलं नाही. ती बरं म्हणाली, अगदी बापासारखं. मी रजईची घडी घातली आणि ती पेटीत ठेवून दिली.

तो आठवडा कसा गेला ते मला विचारू नका. वर्गात दोनदा चुकीचा धडा काढला. मोठे सर बसले, जमलं, एवढाच एक मेसेज आला, पुढे काही नाही. मी विचारलंही नाही. बोलले तर पुन्हा तिच्या हातात काहीतरी वर ठेवीन अशी मला धास्ती होती.

व्हिडिओ आला तो दुपारी. आम्ही दोघं जेवून उठत होतो. लावला तर पहिल्यांदा काही वेगळं वाटलं नाही. मग ह्यांनीच दाखवलं, अगं, शेजारची सीट बघ. सीट रिकामी होती. पट्टा नीट बांधून ठेवलेला. ह्यांनी माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

तीन आडव्या रेघा. मग आकडा उमटला आणि ती म्हणाली, ‘स्पीड अलाइव्ह.’ ऐकायला कोणी नव्हतं तरी म्हणाली. वर चढताना चौऱ्याहत्तर, खिळून. हे काचेकडे बघत होते, मी पट्टीकडे. चक्कर पुरी झाली, विमान वळलं, समोर धावपट्टी दिसायला लागली. पंच्याहत्तर. बहात्तर. सत्तर. अडुसष्ट. तिचा उजवा हात त्या दांडीवर होता, बोटं टेकलेली, आणि ती हलली नाहीत. सदुसष्ट, सहासष्ट, पासष्ट. गुलाबी रेघ आखूड होत होत नाहीशी झाली. विमान टेकलं तेसुद्धा कळलं नाही, इतकं हलकं. हे वा म्हणाले नाहीत, चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

मी शेवटचा तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. कुठेतरी एखादा आकडा वर सरकलेला असेल, मला दिसला नसेल, म्हणून पडदा डोळ्यांजवळ धरून बघितला. पासष्ट होते. माझ्या नावाचा एकही नव्हता.

तेवढ्यात तिचा फोन आला. मागे मुलांचा आरडाओरडा, ती हिंदी, मराठी, इंग्रजी सगळं एकदम बोलत होती. आता पुढे काय काय, कुठल्या गावाला एकटीने जायचं, होळीला सुट्टी मिळणार नाही, सगळं सांगत सुटली. मध्येच थांबून विचारलं, आई, कसं होतं? मी म्हटलं, मार्क कापायला जागा नाही. ती इतकी खूश झाली की थँक्यू म्हणाली. आईला कोणी थँक्यू म्हणतं का?

फोन ठेवल्यावर मी ह्यांना म्हटलं, पेढे घेऊन या, नई सडकेवरून. हे म्हणाले, एवढ्या लांब कशाला, मुरारला मिळतात की. मी म्हटलं, मला तिथलेच हवेत. हे बरं म्हणाले आणि स्कूटर काढली. स्कूटरचा आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभी राहिले आणि मग आत येऊन दार लावून घेतलं. जन्मात पहिल्यांदा पोरीने माझं तंतोतंत ऐकलं होतं, आणि ते मला सोसवत नव्हतं.